सोड्याने निघालेलं लाल पाणी गंजाचं नसतं

हळदीचे सौदे सुरू झाले की सांगलीच्या मार्केट यार्डात उभी राहणारी प्रत्येक मोटारसायकल पिवळी होते. इंजिनावरच्या तेलकट चिकट्यावर आधी हळदीची धूळ बसते, मग उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे राहून घेतलेली काळी माती, आणि मार्चपर्यंत चेनच्या पुढच्या कव्हराखाली बोटाच्या पेराएवढा थर जमतो. त्यामुळे 'गॅरेजवाले हे कधीच सांगणार नाहीत, १५ मिनिटांत गाडी शोरूमसारखी' हा मेसेज आमच्याकडे हमालापासून अडत्यापर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर आहे. मला तो चार जणांनी पाठवला. त्यातला एक माझा मेहुणा, आणि त्याने त्यातलं निम्मं करूनही पाहिलं.

मेसेजात सूचना सहा. गाडी फिरवून इंजिन चांगलं तापवून आणा. इंजिन आणि चेन पेट्रोलने धुवा. गाडी डबल स्टँडवर चालू ठेवून गिअरमध्ये टाका आणि फिरत्या चेनला ब्रश लावा. मग धुण्याच्या सोड्याचं कडक पाणी किंवा खाण्याचा सोडा आणि लिंबू. लाल पाणी वाहू लागलं की समजा, गंज निघाला. त्यावर जवळून प्रेशर मारा. शेवटी डिझेलचा फवारा, म्हणजे गाडी चमकते.

तापलेलं इंजिन आणि पेट्रोल एकत्रच घेऊ, कारण मेसेजवाल्याने ते एकापाठोपाठ लिहिलंय. एका ओळीत इंजिन तापवा म्हणतो, पुढच्या ओळीत त्यावर पेट्रोल ओता म्हणतो. त्याने स्वतः हे केलेलं नाही, एवढं नक्की. पेट्रोलची वाफ पेट घ्यायला ऊन-तापाची गरज नसते, शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही ती ठिणगीवर पेटू शकते. शिवाय ती हवेपेक्षा जड, म्हणजे पार्किंगच्या फरशीवरून सरपटत जाते, शेजारच्या गॅस गिझरपर्यंतसुद्धा. एवढा धोका पत्करून मिळतं काय? पेट्रोल ग्रीस विरघळवतं खरं, पण जाड थरात मुरायच्या आतच उडून जातं. वरचं पातळ होऊन खाली ओघळतं आणि तिथे पुन्हा चिकटतं. उघड्या हातांना लागतं ते वेगळंच.

इंजिन किंचित कोमट असलं तर चिकटा लवकर सुटतो, हे मात्र खरं. हात ठेवून धरवला तर कोमट, झटकन मागे घ्यावा लागला तर गरम. गरमवर कुठलंही डिग्रीजर, म्हणजे तेल-ग्रीस सोडवणारं द्रावण, मारलं तर ते काम करायच्या आधीच वाळतं आणि त्याचे डाग पडतात.

मेहुण्याने पेट्रोल चेनवर मारलं होतं, गार इंजिनावर, एवढी अक्कल त्याला आहे. चेन अगदी चांदीसारखी झाली. महिनाभरात ती खडखडायला लागली, म्हणून दोघं मिळून मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्रीने चेन बोटांत धरून वाकवली, दोन कड्या ताठच राहिल्या. म्हणाला, "मालक, आतलं वंगण धुतलंय तुमी. भायेरचं नुसतं सरकवलंय."

सगळ्या मेसेजचा घोळ हाच आहे. गाडीवर ग्रीस दोन ठिकाणी असतं. बाहेरचं म्हणजे चेनवरून उडालेलं, धूळ खाल्लेलं, टाकून द्यायचं. आतलं म्हणजे चेनच्या कड्यांत, चाकांच्या बेअरिंगांत, हँडलच्या कोनसेटमध्ये, म्हणजे हँडल ज्यावर वळतं त्या बेअरिंगांत, भरलेलं. ते काम करत असतं आणि दिसत नाही. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांच्या चेनमध्ये पट्ट्यांच्या मध्ये बारीक रबरी रिंगा असतात, त्यांच्या आड कारखान्यातच ग्रीस भरून येतं. पेट्रोलने ते रबर फुगतं, मग कडक होतं, आणि एकदा रिंग गेली की बाहेरून कितीही तेल सोडा, ते ग्रीस परत भरलं जात नाही. रॉकेल चालतं, अनेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकाच ते सांगतात. आता रॉकेल शोधत फिरावं लागतं, तर चेन क्लीनरचा स्प्रे घ्या. ब्रश मऊ हवा, तारेचा नको.

फिरत्या चेनला ब्रश लावण्याबद्दल फार बोलायचं नाही. चिंधीचं टोक चेन आणि चक्राच्या मध्ये गेलं की मागोमाग बोट जातं, हात ओढायला वेळ मिळत नाही. इंजिन बंद, न्यूट्रल, आणि चाक हाताने उलटं फिरवा.

आता लाल पाणी. मेसेजात याचा फोटो आहे आणि तोच लोकांना पटतो. मेहुण्यालाही तोच पटला होता. म्हणून मी यार्डातल्या माझ्याच गाडीवर करून पाहिलं. इंजिनाच्या बाजूच्या मॅग्नेट कव्हरच्या कडेला पिवळा-काळा थर होता, त्यावर सोड्याच्या पाण्यात बुडवलेला जुना टूथब्रश फिरवला. घासायला सुरुवात केली न केली तोच फेस तांबूस झाला, मग विटकरी, आणि खाली फरशीवर लाल ओघळ गेला. कव्हर अॅल्युमिनियमचं. अॅल्युमिनियमला तांबडा गंज चढतच नाही, मग निघाला कुठून?

उत्तर आपल्या देवघरात आहे. हळदीला चुना लावून कुंकू करतात. हळदीतला पिवळा रंग अल्कलीत गेला की लाल होतो; चुना असो, सोडा असो वा कपड्याचा साबण. हळदीचा डाग पडलेलं धोतर साबण लावताच लाल होतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा. ती डाग बघून "गंज निघाला" म्हणत नाही. खरा लोखंडाचा गंज सोड्याला दाद देत नाही, तो आम्लाला देतो. (म्हणून संडास धुवायचं आम्ल गाडीवर ओतणारेही भेटतात. ते क्रोमही खातं आणि अॅल्युमिनियमही.) खात्री करायची तर त्या लाल पाण्यात लिंबू पिळा. परत पिवळं होतं. गंज असता तर झाला असता का?

सोडा नुसता निरुपयोगी असता तरी चाललं असतं. अॅल्युमिनियमचं पातेलं सोड्याच्या पाण्यात उकळलं की आतून काळं पडतं, तेच कडक सोड्याने इंजिनाच्या कव्हरचं होतं. कॉस्टिक सोडा असेल तर आणखी लवकर. तो काळेपणा मळ नसतो, त्यामुळे घासून जात नाही. खाण्याचा सोडा आणि लिंबाचं म्हणाल तर फेस बघायला छान असतो, पण तो फेस म्हणजे दोघांनी एकमेकांना संपवल्याची खूण. उरतं ते किंचित खारट पाणी. त्यापेक्षा भांडी घासायचा पातळ साबण, भरपूर पाण्यात मिसळलेला, कितीतरी बरा. तो रोज वापरला तर रंगावरचं पॉलिश जातं, वर्षातून दोनदा चालतो.

प्रेशरचं सांगलीकराला समजावणं सोपं आहे. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्यांची बेअरिंगं का बदलावी लागली? पाणी सीलच्या आत गेलं म्हणून. कृष्णेचं पाणी निदान स्वस्थ उभं होतं. वॉशिंग सेंटरचा नोझल चाकाच्या मधोमध वीतभरावर धरला की तेच काम तो दोन मिनिटांत करतो, आणि त्याचे पैसे आपण देतो. लांबून, दोन-तीन हातांवरून, पसरट फवारा मारला तर मडगार्डचा चिखल काढायला प्रेशरइतकं सोयीचं काही नाही. पण चाकाचा मध्य, हँडलची मान, चेन, वायरींचे कपलर आणि सायलेन्सरचं तोंड यांवर सरळ धार नको. सायलेन्सरच्या तोंडाला मी प्लास्टिकची पिशवी आणि रबर लावतो.

डिझेलचा फवारा ही आपल्याकडची जुनी खोड आहे, तिचा दोष मेसेजला देऊन उपयोग नाही. डिझेल ब्रशवर घेऊन चक्राच्या कव्हराखालचा घट्ट चिकटा सोडवायला उत्तम, मीही तेच वापरतो, पुसून चिंध्या वेगळ्या टाकतो. सगळ्या गाडीवर शेवटचा हात म्हणून मारलं की जी चमक दिसते ती तेलाचीच. दुसऱ्या दिवशी यार्डात दोन तास गाडी उभी करा, हळद त्यावर आधीच्या दुप्पट बसते. आणि फवारा कुठे उडेल याचा नेम नाही. डिस्कवर किंवा ड्रमच्या फटीत गेला तर पहिला ब्रेक दाबेपर्यंत कळतही नाही. उरलेलं डिझेल-पाणी गटारातून कुठे जातं, ते शेरीनाल्यातून सांडपाणी कृष्णेत जाताना पाहणाऱ्या सांगलीला सांगायला नको.

मी स्वतः करतो ते असं. आधी गाडी कोरडी असतानाच आइस्क्रीमच्या लाकडी काडीने थर खरवडतो. निम्मं काम तिथेच होतं, पाणी पडल्यावर तो थर लिबलिबीत होऊन नुसता पसरतो. मग सावलीत पाण्यात मिसळायचं डिग्रीजर, पाच-दहा मिनिटं, वाळू न देता. साध्या पाइपने धुणं, कोरडं पुसणं, जागेवरच ब्रेक चार-सहा वेळा दाबणं, एक चक्कर. परत आल्यावर चेनला ९० नंबरचं गिअर ऑइल, आतल्या बाजूने, थोडंच, आणि जास्तीचं पुसून. पुढच्या वेळी उडणारा चिकटा त्या जास्तीच्याच तेलाचा असतो.

सीटवर किंवा पांढऱ्या मडगार्डवर पिवळा डाग मागे राहिला तर तो घासत बसू नका. दोन-तीन दुपार गाडी उन्हात लावा. हळदीचा रंग उन्हात आपोआप उडतो.