कडेवरचं पोर

बांधकामावरच्या मजुरांची पोरं शाळेबाहेर राहतात, ही बातमी सगळ्यांनी वाचलेली, त्यामुळे विन्याने एकदम निकालच दिला. "प्रत्येक साइटवर एक कंटेनर ठेवायचा, आत वीस टॅब्लेट. विषय संपला."

(विन्याने आजवर सगळ्याच प्रश्नांवर कंटेनर ठेवलाय. सोसायटीच्या कचऱ्यावरही.)

"चार्जिंग?" मंजूने विचारलं.

"सोलर."

"आणि पोरीच्या कडेवरचं पोर? तेही सोलरवर? अरे, आई विटा वाहायला गेली की धाकटं थोरलीकडे. काम आठला सुरू, तुझा वर्ग दहाला. सुटली की तिची शाळा! आधी वर्गाला लागून पाळणाघर, तेही आठच्या आत उघडणारं. डोअर स्टेप स्कूल नावाची संस्था आहे, ते साइटवर वर्ग घेतात, बसमध्येही भरवतात. त्यांना विचार जाऊन."

बापू मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. "पण दाखला नसतो ना गं त्यांच्याकडे."

"नसू दे. 2009चा शिक्षण हक्क कायदा आहे, बापू. कलम 14: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही. कलम 5: आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी अडवायचं नाही. कलम 4: वयाप्रमाणे वर्ग."

"माझ्या वेळी नव्हता हा कायदा."

"म्हणून वाचलात."

बापूंनी बशीतला चहा फुंकला.

"पण नुसतं नाव घालूनही भागत नाही," मंजू म्हणाली. "अकरा वर्षांचा पोरगा विटांचा हिशेब तोंडी करतो, आणि 52 वजा 27 कागदावर मांडलं की 35 लिहितो. दोनातून सात जात नाहीत, मग तो सातातून दोन काढतो. त्याला हातचा घोकवू नका. दहाच्या पाच नोटा आणि दोन सुट्टे द्या, सत्तावीस मागा. एक नोट मोडावीच लागते. हे न करता पाचवीच्या बाकावर बसवलात तर तो तिसऱ्या दिवशी पळतो. कायद्यात विशेष प्रशिक्षण आहे ते यासाठीच, किमान तीन महिने, गरज पडली तर दोन वर्षं."

"तोवर स्लॅब टाकून माणसं दुसऱ्या साइटवर," विन्या.

"हे मात्र बरोबर बोललास. म्हणून पहिल्याच आठवड्यात गावाचं नाव, पुढची साइट आणि मुकादमाचा नंबर लिहून घ्यायचा. बापाचं सिम बदलतं, मुकादमाचं नाही. निघताना शिक्षण हमी कार्ड, म्हणजे पुढच्या शाळेत दाखवायचं कार्ड, आईच्या हातात. पिशवीत नको, पिशवी हरवते."

"आणि चौदा उलटलेली पोरं?"

"त्यांना एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळा. दहावीला पाच विषय, एकेक सुटला तरी चालतो. पाच वर्षांत नऊ संधी. तिथे तुझे टॅब्लेट उपयोगी पडतील."

विन्या खुलला. "मी तेच म्हणत होतो!"

"नऊ संधी?" बापू म्हणाले. "विन्या, तुझं इंजिनीअरिंगचं गणित, ते एम-थ्री, कितव्यांदा सुटलं रे?"

"बापू, चहाचे पैसे मी देतो."