सी-व्ह्यू नको, पाण्यात उतरायला जागा द्या

"मुंबई घे ना, समुद्र आहे की तिथे!" हे वाक्य आता पुन्हा कुणी ऐकवलं तर मी खरंच भांडणार आहे. ऑफिसात ऐकलं, घरी ऐकलं, लिफ्टमध्ये भेटलेल्या शेजाऱ्यांकडून ऐकलं. यांच्यातल्या एकानेही कधी स्वतःची होडी मुंबईच्या पाण्यात उतरवून बघितलेली नाही.

आमच्या कंपनीचं पुण्यातलं ऑफिस बंद होतंय. ज्यांना नोकरी टिकवायची आहे त्यांनी शहर निवडायचं: गुरुग्राम, हैदराबाद, बंगळुरू, मुंबई किंवा चेन्नई. सोबत एक तक्ता आलाय. घरभाडं, शाळा, विमानतळ, हॉस्पिटल, मेट्रो. पाणी म्हणून त्यात रकाना आहे, पण तो नळाच्या पाण्याचा.

मी कॅटामरान चालवते. मांडव्याची प्रवासी बोट नव्हे, शिडाची. होबी १६. पाण्यावर तरंगणारे दोन निमुळते सांगाडे, मध्ये ताणून बसवलेलं कापड, वर डोलकाठी, आणि दोन माणसं. कॅलिफोर्नियात सर्फबोर्ड बनवणाऱ्या होबी आल्टरने ती वाळूवरून थेट लाटांत ढकलता यावी म्हणूनच बनवली. पाण्याखाली खोल जाणारी फळी हिला नाही. वाऱ्याने आडवं वाहून जाऊ नये म्हणून सांगाड्यांचाच आकार तसा ठेवलाय. सुकाणूची पाती वाळूला टेकली की आपोआप वर उचलली जातात. वजन सुमारे १४५ किलो, रुंदी आठ फुटांना जरा कमी. म्हणजे हिला धक्का नको, मरिना नको, गाळ उपसायला नको, डिझेल नको. एक मोठी गाडी उभी राहील एवढी जागा आणि तिथून पाण्यापर्यंत जाणारी वाट, बस्स. एवढंही आपल्या एका मोठ्या शहराला देता येऊ नये याचा मला संताप येतो.

इतकी वर्षं होडी अलिबागजवळ नागावला मावशीच्या वाडीत असायची. पुण्याहून शनिवारी पहाटे निघायचं, खोपोली, पेण, वडखळचा तो नाका (त्या रस्त्याबद्दल लिहायला बसले तर हे सगळं बाजूलाच राहील), आणि दुपारचा खारा वारा धरायच्या आत किनाऱ्यावर. मावसभाऊ जोडीला. वारा भरला की एक सांगाडा पाण्यातून वर उचलला जातो, डोलकाठीच्या तारेला लटकलेला माणूस पूर्ण बाहेर झोकून देतो आणि समोर कुलाबा किल्ला झपाझप मोठा होत जातो. मी त्याच्यासाठी आठवडाभर काम करते. छंद आहे, विरंगुळा आहे असं म्हणणाऱ्यांना मला काहीही समजावायचं नाही.

आता वाडीचा सौदा झालाय. मावशीला दोष नाही, तिचं वय झालंय, सुपारी काढायला माणूस मिळत नाही आणि २०२० च्या निसर्ग वादळात अर्धी बाग गेली ती पुन्हा उभीच राहिली नाही. पण घेणाऱ्याने पहिलं काम काय केलं? वाडीतून किनाऱ्यावर उतरणारी वाट भिंत घालून बंद. ती वाट गावातले लोक पिढ्यानपिढ्या वापरत होते. आता तिथे बंगले होणार, जाहिरातीत 'समुद्र पावलांवर' असं छापून येणार, आणि त्या बंगल्यातली माणसं वर्षातले चार दिवस गच्चीत बसून समुद्राचे फोटो काढणार. पावसाच्या आत होडी हलवायची आहे. कुठे, ते मला माहीत नाही.

तर मुंबई. कंपनीचं ऑफिस मालाडला, तिथून आक्सा जवळ, वर्सोवा जवळ. नकाशावर सगळं छान दिसतं. मी सुट्टी टाकून गेले आणि विचारत फिरले. किनाऱ्यावर होडी ठेवायला परवानगी कुणाची? एका कार्यालयाने दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसरीकडे, तिसऱ्याने विचारलं की इंजिन किती हॉर्सपॉवरचं. इंजिन नाही म्हटल्यावर म्हणाले, मग आमच्या अर्जात बसत नाही. सुरक्षेचं मला समजतं. २६/११ ला माणसं समुद्रातूनच आली होती, तेव्हा तपासा, नोंदणी करा, शिडावर मोठा नंबर रंगवायला लावा, मी आनंदाने लावीन. पण अर्जच नाही म्हणजे काय? नियम कडक असला तर पाळता येतो. जो नियमच नाही तो पाळायचा कसा?

वर्सोव्याच्या कोळ्यांशी माझं भांडण नाही. त्यांच्या होड्यांना, जाळी सुकवायला जागा आधी मिळालीच पाहिजे, आणि त्यांचीही जागा दरवर्षी आकसतेय. होडी चालवणाऱ्या एका तांडेलकाकांनीच मला नीट समजावलं की पश्चिमेकडच्या उघड्या किनाऱ्यावर वाळू दरवर्षी सरकते, तिथे होडी ठेवायची तर रोज लक्ष ठेवणारं माणूस हवं. त्या एका माणसाने दहा मिनिटांत जे सांगितलं ते तीन कार्यालयांत मिळून कुणी सांगितलं नाही.

पूर्वेकडे बंदराचं पाणी शांत, शिडाला उत्तम. १९८२ च्या एशियाडमधल्या शिडाच्या शर्यती मुंबईतच झाल्या होत्या. पण तिथे पाण्यापर्यंत पोचायचा मार्ग जातो क्लबांच्या फाटकातून, आणि मी ज्या फाटकाशी चौकशी केली तिथे प्रवेशाची रक्कम ऐकून मी फोन ठेवला. बरं, उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. सकाळी जिथून उतरलात तिथे संध्याकाळी गुडघाभर चिखल. म्हणून तर लांब, पक्का, सार्वजनिक उतार लागतो. कोस्टल रोडसाठी समुद्रात भर घालून १११ हेक्टर नवी जमीन काढली. एकशे अकरा हेक्टर! त्यातल्या कुठल्या कोपऱ्यातून साधा माणूस आपली साधी होडी पाण्यात सोडू शकतो, ते कुणीतरी मला बोट दाखवून सांगावं. किनाऱ्यावर रचलेल्या काँक्रीटच्या टेट्रापॉडवरून होडी उतरत नाही.

आणि त्याच शहरात 'सी फेसिंग' म्हणून खिडकीचे वेगळे पैसे घेतात.

गुरुग्रामबद्दल काय बोलायचं. बंगळुरूला माझ्या टीममधले निम्मे लोक खुशीने चाललेत, हवा छान म्हणून. नऊशे मीटर उंचीवरचं शहर, समुद्र कुठल्याही बाजूने रस्त्याने तीन-साडेतीनशे किलोमीटर. अलसूर तलावात सैन्याची माणसं शिडाचा सराव करतात, त्यात माझ्यासारखीला प्रवेश नाही. बेळंदूरच्या तलावाला तर आग लागलेली सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिली. हैदराबादला निदान हुसेन सागर आहे, जुलैत पावसाळी वाऱ्यावर तिथे शर्यती होतात, मुलांना चांगलं शिकवतात, त्या लोकांबद्दल मला आदरच आहे. पण बऱ्या वाऱ्यात कॅटामरान दहा मिनिटांत त्या तलावाचा दुसरा काठ गाठते. वळा, परत या, पुन्हा वळा. लाट नाही, भरती नाही, क्षितिज नाही.

एचआरच्या मुलीला मी गोव्याचं विचारलं. दोना पावलाच्या हवाई बीचवर शिडाच्या होड्या आहेत, वारा आहे, ज्या माणसांशी बोलता येईल अशी माणसं आहेत. लॅपटॉपवरच तर काम आहे माझं. उत्तर आलं, "मॅम, गोव्यात आपलं ऑफिस नाही, आणि ते सुट्टीचं ठिकाण आहे." कोविडमध्ये दोन वर्षं हेच काम आम्ही घरातल्या डायनिंग टेबलावरून केलं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं की टेबल कुठल्या गावात आहे.

त्याच गोव्यात रत्नाकर दांडेकरांनी 'म्हादेई' ही शिडाची नौका बांधली. दिलीप दोंदे त्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून २०१० मध्ये परतले, मग अभिलाष टॉमी कुठेही न थांबता करून आला, मग 'तारिणी'वरून सहा जणी गेल्या. प्रत्येक वेळी आपण टाळ्या वाजवल्या. २०२३ चा नौदल दिन मालवणात झाला तेव्हा घराघरात कान्होजी आंग्रे आणि आरमाराच्या गोष्टी निघाल्या, माझ्याही घरात निघाल्या. मला त्या आरमाराचा मनापासून अभिमान आहे, म्हणूनच जास्त राग येतो. ७२० किलोमीटरचा किनारा असं शाळेत पाठ करून घेता, आणि त्या किनाऱ्यावरच्या पोरीने शीड उभारायचं म्हटलं की "कशाला, बुडशील" म्हणता! पुढचा दोंदे येणार कुठून? तो आधी कुठल्यातरी वाळूवर लहान होडी घेऊन पडला-धडपडला पाहिजे ना?

राहिलं चेन्नई. ऐकल्याबरोबर आत्या म्हणाली, "मद्रासला? भाषा नाही, उकाडा, पोरीच्या शाळेचं काय?" तिची काळजी खरी आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर तिथला ईशान्य मोसमी पाऊस आणि वादळं, तेही खरं. मावसभाऊ सुटणार, आणि ही होडी एकटीची नाही. उलटली तर सरळ करायलाही दोघांचं वजन लागतं. मला नवा जोडीदार शोधावा लागेल, त्याच्याशी सूर जमायला किती काळ जाईल कोण जाणे. हे सगळं मी रात्र-रात्र मोजलंय.

पण तिथे आयटीवाला ओएमआर आणि किनाऱ्याचा ईसीआर हे दोन रस्ते शेजारी शेजारी जातात. ऑफिस सुटल्यावर अंधाराच्या आत समुद्र गाठता येतो. भरती-ओहोटीचा फरक जेमतेम मीटरभर. तिथले कोळी पिढ्यानपिढ्या वाळूवरून लाटा फोडून होड्या नेतात, त्यामुळे किनाऱ्यावर होडी ढकलणारं माणूस कुणाला चोर वाटत नाही. बंदरात १९११ पासूनचा यॉट क्लब आहे. नेत्रा कुमनन चेन्नईचीच, शिडाच्या स्पर्धेत ऑलिंपिकला पात्र ठरलेली पहिली भारतीय स्त्री. ती योगायोगाने झाली नाही, तिला लहानपणी उतरायला पाणी मिळालं.

फॉर्ममध्ये 'शहर निवडण्याचं कारण' असा रकाना आहे. मी 'समुद्रात शिडाची होडी चालवण्यासाठी' असं लिहिलं तर फॉर्म परत आला. हे कारण वरिष्ठांना पटणार नाही, 'कौटुंबिक कारण' लिहा, असा सल्ला फोनवरून मिळाला. सासू-सासऱ्यांची तब्येत चालते, मुलांची शाळा चालते, नवऱ्याची बदली तर पळते, पण बाईने स्वतःला समुद्र हवा म्हणून शहर मागितलं की ते कारणच नाही. फॉर्म मी पुन्हा भरलाय. शहर चेन्नई, आणि कारण तेच, अक्षर न बदलता. परत पाठवला तर तिसऱ्यांदाही तेच लिहीन.