म्हणे धडधड म्हणजे गॅस!

‘डॉक्टर तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत’ असं मथळ्यावर ठोकून एक मेसेज सध्या सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातले दावे: वय अधिक शंभर एवढं बीपी नॉर्मल, डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही, छातीत धडधड हा निव्वळ गॅस, खायचा सोडा प्या, आणि रोज लसूण खाल्ला की गोळी बंद. तासगावच्या माझ्या आत्यानं हे वाचून गोळ्यांची पट्टी कपाटात टाकली. नाहीतर असल्या मेसेजांना उत्तर द्यायला वेळ कुणाला आहे?

आत्या 68 वर्षांची. म्हणजे 168 नॉर्मल? पूर्वी डॉक्टरही असा हिशेब सांगायचे, हे कबूल. वयाबरोबर वरचा आकडा चढतो, हेही खरं. पण चढतो म्हणून हृदयाला तो सोसतो असं कुणी सांगितलं?

डोकं दुखायची वाट बघू नका. बीपी बहुतेकदा काहीच जाणवू देत नाही. काहींचं तर दवाखान्यात बरोबर भरतं आणि घरी चढलेलं असतं. घरच्या मशीनवर शांत बसून मोजताना सरासरी 135/85 किंवा त्याहून जास्त येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

आता तो गॅस. इथं माझं डोकं फिरतं. चढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदयाचा डावा खालचा कप्पा जाड आणि ताठर होतो. तालमीत दंड फुगला तर कौतुक होतं, इथं तोच प्रकार अंगलट येतो. ताठर कप्पा नीट भरत नाही, मग वरच्या कप्प्यावर ताण येऊन तो फुगतो, त्याच्या भिंतीत चिवट धागे तयार होतात आणि विजेचे संदेश भरकटतात. वरचा कप्पा आकुंचन पावायचं सोडून नुसता थरथरतो. हे एट्रियल फिब्रिलेशन. तिथं रक्त साचून गाठ धरते आणि ती मेंदूत गेली की लकवा.

अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात 1948 पासून पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या हृदयावर नजर ठेवणारा अभ्यास चालू आहे. त्यात दिसलं, की उच्च रक्तदाबानं या बिघाडाची शक्यता साधारण दीडपट होते आणि बिघाड झाला की लकव्याची जवळपास पाचपट.

सगळीच धडधड या बिघाडामुळे नसते, मान्य. म्हणून मनगटावर दोन बोटं ठेवा आणि पूर्ण मिनिटभर नाडी बघा. दोन ठोके लगोलग, मग खंड, मग तीन घाईघाईनं, असा कसलाच ताल लागत नसेल तर ईसीजी काढा. तो बरोबर आला तरी विषय संपत नाही, कारण हा बिघाड येतो-जातो. डॉक्टर मग दिवसभर अंगावर लावून ठोक्यांची नोंद ठेवणारं होल्टर मशीन सुचवतात. आणि खायच्या सोड्यात सोडियम असतं, म्हणजे बीपीवाल्याला उलट तेच पाजायचं!

राहिला लसूण. त्यानं बीपी थोडंफार उतरतं, पण गोळीची जागा तो घेत नाही. खा की, फक्त ठेच्यात मीठ किती घातलंय ते बघा.