मिस्टर नाहीत का घरी?

दिव्यांचं बटण ओढलं की फ्यूज उडतो. नवा घातला की तोही उडतो. प्रकरण एवढंच. मागच्या दिव्यांकडे जाणाऱ्या वायरीचं तांबं कुठेतरी उघडं पडून पत्र्याला टेकतंय. गाडीचा सगळा सांगाडा बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो, त्यामुळे करंटला घरी जायला वाट कुठेही मिळते. बल्बापर्यंत जायचे कष्ट तो कशाला घेईल? आता हे ‘कुठेतरी’ शोधायचं. पिकअप जुनी, आणि वायर डॅशबोर्डपासून पार फाळक्यापर्यंत गेलेली. तीही नेमकी जिथे हात पोचत नाही अशा जागा हुडकून हुडकून.

तर काल संध्याकाळी माझं डोकं स्टिअरिंगखाली, फ्यूजबॉक्सला लागून होतं आणि पाय दारातून बाहेर. त्या पायांना उद्देशून शेजारच्या काकांचा प्रश्न आला, “मिस्टर नाहीत का घरी?”

“आहेत. काही काम होतं का?”

“नाही, गाडी बिघडलेली दिसतेय म्हणून म्हटलं.”

मिस्टर घरात होते. माणूस अतिशय चांगला, पण भिंतीवरचं बटण चालू न करता चार्जर लावतो आणि सकाळी फोनवर चिडतो. काकांनी हाका मारून त्याला बाहेर काढलं, आणि तिथून पुढे माझ्या गाडीवरची चर्चा त्या दोघांत सुरू झाली. मी फक्त खालून आवाज यावा तशी मधेमधे येत होते.

“बॅटरी बघितलीस का?” काकांनी नवऱ्याला विचारलं.

नवऱ्याने माझ्या पायांकडे बघितलं असावं. मी म्हणाले, “12.6 व्होल्ट दाखवतेय. ठणठणीत आहे.”

“बॅटरीच असणार,” काका नवऱ्याला म्हणाले.

“काका, बॅटरी गेली असती तर फ्यूज कशाने उडला असता? फ्यूज उडायला दणकून करंट लागतो.”

काकांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. मग नवऱ्याला म्हणाले, “एकदा बदलून बघ.”

नवरा “हो हो” म्हणाला. तो कुणालाही “हो हो” म्हणतो.

“आणि बॅटरी काढताना आधी प्लस काढ,” काका.

इथे मात्र मी डोकं बाहेर काढलं. आधी मायनस काढतात. प्लसचा नट सोडवताना पाना बाजूच्या पत्र्याला टेकला तर तिथल्या तिथे दिवाळी. मायनस सुटलेली असली की पाना कुठेही टेको, काही होत नाही. हे मी नीट समजावून सांगितलं. काका माझ्या गालाकडे बघत होते. “ग्रीस लागलंय,” म्हणाले.

मग त्यांनी हुकमी पान काढलं. “फ्यूज सारखा उडतोय ना? मोठा टाकायचा. नाहीतर चांदीचा कागद गुंडाळून बसवायचा. जन्मात उडणार नाही.”

खरंच उडणार नाही. त्याऐवजी वायर जळेल. फ्यूज हा दिव्यांसाठी नसतोच, वायरीसाठी असतो. वायर तापायच्या आत आपण वितळायचं, एवढीच त्याची नोकरी. आणि काकांना काय बोलायचं? आधीच्या मालकाने तेच करून ठेवलं होतं. झाकणावर स्वच्छ 10 अँपिअर लिहिलंय, म्हणजे लाल फ्यूज. त्या खाचेत मला सापडला हिरवा, 30 चा. गाडी विकताना या गृहस्थांनी हौद्याला रंग दिला, टायर काळे कुळकुळीत केले, सीटला कव्हरं घातली. वायरिंग कोण बघतं? रेडिओमागे चार वेगवेगळ्या कामांच्या वायरी, चारही लाल, पिळून जोडलेल्या आणि वर औषधाच्या दुकानातली पांढरी चिकटपट्टी. जखमेला लावायची. रात्री रस्त्यात या गाडीने पेट घेतला असता तर आत मी असते, रंग देणारा नाही. मला हे अजूनही विनोदी वाटत नाही.

असो. फ्यूज घालत बसण्यापेक्षा सोपी युक्ती असते. मागचे सगळे बल्ब काढून ठेवायचे आणि फ्यूजच्या जागी दोन वायरी लावून ब्रेकलाइटचा 21 वॅटचा बल्ब जोडायचा. शॉर्ट असेल तर हा बल्ब लख्ख पेटतो, पण दोन अँपिअरच्या वर करंट जाऊ देत नाही, त्यामुळे काही जळत नाही. मग एकेक जोड हलवत जायचं. ज्या जागी बल्ब विझेल, ती जागा चोर.

मी रेडिओमागचा चिकटपट्टीवाला जोड हलवला आणि बल्ब विझला!

आनंदाने ओरडणार, तेवढ्यात परत पेटला. पुन्हा हलवला, ढिम्म. दुसरा जोड धरला. हात लागायच्या आतच विझला. जरा वेळाने आपला आपण पेटला. मी जागेवरून हललेलीच नव्हते. बाहेर मान काढून बघते तर काका आणि नवरा फाळक्याला रेलून गप्पा मारत होते. काका हातवारे करायला सरळ झाले, बल्ब पेटला. रेलले, विझला.

म्हणजे हौदा दबला की वायर पत्र्यापासून सुटत होती. चोर मागे होता आणि हे दोघे त्याला पाठीशी घालत होते.

ज्या माणसाने जावं म्हणून मी मघापासून मनात नवस बोलत होते, त्यालाच मला म्हणावं लागलं, “काका, जरा परत टेका ना.”

“कुठे?”

“होता तिथेच.”

“कशाला?” काकांनी नवऱ्याला विचारलं.

नवरा म्हणाला, “टेकू या.”

दोघे टेकले. मी टॉर्च घेऊन गाडीखाली सरपटत गेले आणि त्यांना ‘टेका, उठा, टेका, उठा’ करायला लावलं. काकांचे गुडघे कुरकुरत होते, याचं मला वाईट वाटलं नाही. मागच्या चाकाच्या पुढे चेसिसच्या आडव्या पट्टीला एक भोक आहे, त्यातून वायरींचा जुडगा जातो. भोकाला रबरी कडं असायला हवं, ते केव्हाच गळून गेलेलं. पत्र्याच्या धारेवर घासून एका वायरीचं आवरण नखाएवढं सोललं होतं आणि आत तांबं नव्या नाण्यासारखं चमकत होतं.

मायनस काढली, तेवढा तुकडा कापला, जोड डाग देऊन पक्का केला, वर हीट श्रिंकची, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी चढवली, भोकाला नवं कडं बसवलं. सगळे बल्ब परत लावले, 10 चा लाल फ्यूज घातला आणि नवऱ्याला बटण ओढायला सांगितलं. मागचे दिवे लागले. फ्यूज शाबूत.

मी अजून गाडीखालीच होते. केसांत माती, कोपर सोललेलं. वरून पाठीवर थाप मारल्याचा आवाज आला आणि काकांचा प्रसन्न स्वर, “जमलं बुवा तुला!”

आणि माझा नवरा म्हणाला, “हो ना. वायरिंगचं काम फार किचकट असतं, काका.”