भोंगा वाजतोय, कुणी बघणार आहे का?
काल रात्री पुन्हा तेच! अडीच वाजता खालच्या सराफी दुकानाचा सायरन सुरू झाला तो ४० मिनिटं बोंबलत होता. शटरवर मालकाचा नंबर लिहिलाय, तो बंद. समोरच्या दोन खिडक्यांत दिवे लागले, लगेच विझले. सेन्सरवर पाल चढली तरी हा वाजतो, हे सगळ्या गल्लीला पाठ झालंय. उद्या खरा चोर आला तरी कुणी ढुंकून बघणार नाही. शेवटी मीच ११२ ला फोन लावला. पोलीस आले, टॉर्च मारून कुलूप बघितलं, गेले. त्यांनी तरी किती वेळा यायचं? अहो शेठ, सेन्सरवरची जळमटं काढा, रात्री उचलला जाईल असा नंबर लिहा! वरच्या आजींची छाती पहाटेपर्यंत धडधडत होती.