ये की बे!

आपल्या कुत्र्याला हाक कळत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी फ्रीजचं दार उघडून बघावं. आतल्या खोलीत पंख्याखाली गाढ झोपलेलं कुत्रं दुसऱ्या क्षणी पायाशी हजर असतं. म्हणजे कान शाबूत आहेत, आपली पत तेवढी गेलेली आहे. 'ये' म्हटल्यावर आजवर काय मिळालं याचा हिशोब त्याच्याकडे चोख असतो. एकदा अंघोळ मिळाली, एकदा कानातला गोचीड ओढून काढला, आणि रोज संध्याकाळी ऐन मजेत असताना पट्टा अडकवून घरी नेलं. त्यात सोलापुरात आपण 'ये'वर थांबत नाही. 'ये की', 'ये की बे', 'ये म्हन्लं की बे' असं चढत जातो आणि चौथ्या हाकेला चप्पल हातात घेतो. कुत्रं यातून एवढंच शिकतं, की पहिल्या तीन हाका फुकटच्या आहेत.

कुत्रं कारवानी, म्हणजे आपल्याकडचं सडपातळ शिकारी कुत्रं, असेल तर बघायलाच नको. लांबवरचा ससा डोळ्यांनी टिपायचा आणि मालकाला न विचारता सुटायचं, यासाठीच ही जात पिढ्यानपिढ्या जोपासली गेली. शिवाय त्याच घराण्यातल्या मुधोळला टपाल खात्यानं २००५ साली तिकिटावर बसवलंय. तिकिटावर झळकलेल्यांनी आपलं का म्हणून ऐकावं?

तेव्हा रोजची 'ये' वाया गेली असं समजा आणि तातडीची हाक कोऱ्या पाटीवर सुरू करा. समोरून ट्रक येतोय, फाटक उघडं राहिलंय, गवतात नाग आहे, अशा वेळेपुरतीच ती वापरायची. शब्द असा हवा की गल्लीत दुसरं कुणी ओरडत नाही. आपल्याकडे संध्याकाळी पोरांना मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही भाषांत घरी बोलावतात, त्यामुळे साधे शब्द बाद. 'हुरडा' छान वाटतो, पण जानेवारीत माणसंच धावत येतात. 'टिंबक्टूऽऽ' चालेल. शेवट लांबवता येतो आणि घाबरलेल्या आवाजातही ओळखू येतो. शिट्टीला राग-लोभ नसतो हे खरं, पण संकट येतं तेव्हा ती घरी खिळ्याला असते.

पहिले १० ते १५ दिवस कुत्र्याकडून काहीही मागायचं नाही. ते शेजारीच उभं असताना शब्द उच्चारायचा आणि लगेच, सेकंदाच्या आत, उकडलेल्या चिकनचा शेंगदाण्याएवढा तुकडा द्यायचा. मग दुसरा, तिसरा, असं १५-२० सेकंद एकेक तुकडा देत राहायचं. सगळे एकदम दिले तर एका घासात संपतात आणि लक्षात काहीच राहत नाही. दिवसातून दोन-तीनदा पुरे. आधी शब्द, मग खिशात हात. हा क्रम चुकला तर कुत्रं पिशवीची खसखस शिकतं, आणि ट्रकसमोर आपल्याकडे पिशवी असेलच असं नाही.

चिकन नुसत्या पाण्यात उकडायचं. मीठ-मसाला नको. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशींना अपाय होतो, म्हणून रश्श्यातला तुकडा धुऊन देणं किंवा भाकरीला शेंगा चटणी लावून देणं बंद. शिजवलेली हाडं फुटून टोकदार होतात, ती आधीच काढायची. फ्रीजमध्ये चिकनला बंदी असलेल्या घरात पनीर चालतं. बिस्किटावर भागवू नका. ते त्याला एरवीही मिळतं, त्यासाठी पळायचं कशाला? आणि घरात सगळ्यांना बजावून ठेवा. नातवंडं गंमत म्हणून दिवसभर 'टिंबक्टू' करत सुटली आणि हाती काहीच नसलं, तर आठवड्यात या शब्दाचीही 'ये की बे' होते.

पुढे १० मीटरची सुती दोरी आणायची. नायलॉन नको, तळहात सोलून निघतो. दोरी छातीच्या पट्ट्याला बांधायची, कारण धावत्या कुत्र्याच्या मानेला हिसका बसणं वाईट. हाताला गुंडाळायची नाही, जमिनीवर सरपटू द्यायची, आणि टोकाला फास ठेवायचा नाही, नाहीतर बाभळीत अडकते. आधी घरात, मग गच्चीवर, मग मोकळ्या मैदानात, असं वाढवत न्यायचं. उन्हाळ्यात हे सगळं सकाळी सातच्या आत उरका. डांबरावर पालथा हात सात सेकंद टेकवता येत नसेल, तर पंजेही टेकवता येणार नाहीत.

हाक एकदाच मारायची. नाही आलं तर मागे धावू नका. कुत्र्याच्या दृष्टीने तो पकडापकडीचा डाव असतो आणि त्यात आपण हरतो. उलट दिशेने पळत सुटा. लोक बघतील, बघू द्या. बहुतेक कुत्र्यांना ते बघून राहवत नाही. आलं की आधी पट्टा धरायचा, मग खाऊ द्यायचा. नाहीतर ते हातभर अंतरावरून तुकडा उचलून पसार व्हायला शिकतं. मग बहुतेक वेळा पुन्हा खेळायला सोडायचं. उशिरा आलं तरी बक्षीस द्यायचं, दात-ओठ खायचे ते मनातल्या मनात. शिकून झाल्यावरही आठवड्यातून एकदा उजळणी हवी, आणि त्या दिवशीही चिकनच.

जानेवारीत सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेतलं शोभेचं दारूकाम सुरू झालं की मात्र ही विद्या बंद पडते. बिथरलेल्या कुत्र्याला चिकनसुद्धा दिसत नाही. त्या रात्री दारं-खिडक्या लावून ते घरातच हवं. आणि हाक शिकली म्हणून सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्याच्या माळरानावर मोकळं सोडायचा विचारही नको. तिथे काळवीट असतात, काळवीट १९७२च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या परिशिष्टात आहे, आणि त्याच्यामागे कारवानी सुटलं की टिंबक्टू म्हणा नाहीतर तुळजापूर. तिथे दोरी हातातच.