नागपूरला बसून समुद्र शिकवण्याबद्दल

जहाजाचे हेलकावे आटोक्यात ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीवर मी लेख लिहिला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर दिलं असतं तर भाषा घसरली असती, म्हणून थांबलो.

तुम्ही लिहिलंत, 'टाकीत सुटं पाणी ठेवलं की जहाज उलटतं, हे साधं तत्त्व नागपूरला बसून समुद्र शिकवणाऱ्यांना कोण सांगणार?' शिवाय हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज या उलटलेल्या फेरीबोटीबद्दल वाचा, टाकी मालाची जागा खाते, आवाज करते, वगैरे.

मुद्दा मांडायला माझं गाव कशाला लागलं? प्रतापनगरात वाढलो, समुद्र पहिल्यांदा एकविसाव्या वर्षी पाहिला, हे खरं. पण पुढची चौदा वर्षं इंजिन रूममध्ये गेली. भर जुलैत बॉम्बे हायच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात सप्लाय बोटीवर होतो. बोट प्लॅटफॉर्मजवळ उभी, लाटा आडव्या, आणि बंकवरून पडू नये म्हणून गुडघा भिंतीला रेटून झोपायचं. हेलकावे म्हणजे काय, हे मला कुणी पुस्तकातून सांगितलेलं नाही. आणि सुटं पाणी काय करतं, हे मे महिन्यात गल्लीत वळणारा अर्धा भरलेला टँकर पाहणाऱ्या कुठल्याही नागपूरकराला कळतं.

आता हेराल्ड. ६ मार्च १९८७ ला बेल्जियमच्या झीब्रुगा बंदराबाहेर पडताना तिचं पुढचं दार उघडं राहिलं, गाड्यांच्या डेकवर समुद्र शिरला, १९३ माणसं गेली. ते पाणी डेकच्या अख्ख्या रुंदीवर मोकाट होतं, आणि हा धोका रुंदीच्या घनाने वाढतो. मधोमध उभी भिंत घातली तर तो चौथाईवर येतो. मी ज्या टाकीबद्दल लिहिलं ती इंग्रजी यू अक्षरासारखी असते: दोन कडांना दोन टाक्या, खालून जोडणारा बोळ. पाण्याच्या झोक्याचा काळ जहाजाच्या स्वतःच्या झोक्याशी जुळवला की पाणी पाव झोका मागे राहतं, आणि लाट जहाजाला जिकडे कलवू पाहते त्याच्या उलट बाजूला त्याचं वजन पडतं. जर्मनीत हेरमान फ्राम यांनी १९१० च्या सुमारास हेच जुळवून दाखवलं. या पाण्याने स्थैर्य थोडं घटतं. ती घट आराखड्यातच धरतात. तुम्ही अपघात आणि यंत्र यांना एका मापाने मोजलंत. बरं, जहाजाच्या बाजूंना पाण्याखाली बसवलेले पंख वापरावेत म्हणाल, तर नेहमीचे पंख बोट चालत असताना काम करतात. उभ्या बोटीचं काय?

एक चूक मान्य. 'हेलकावे थांबवते' असं लिहिलं होतं, तिथे 'कमी करते' हवं. लेखात बदल केला आहे.

जागा आणि आवाज यांवर वेळ घालवावा असं मला वाटत नाही.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही. आकड्यात चूक सापडली तर जरूर लिहा, मी तपासेन. नागपूर मात्र पुन्हा मध्ये आणू नका.